गाळणीखालचं पाणी

"ह्या बाटलीत पाणी कोणी घातलं?"

कुंभोजकर सरांनी बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. वीस जणांची रीडिंगं चुकली होती, आणि गंमत म्हणजे सगळ्यांची एकाच बाजूला चुकली होती. एकाचं चुकलं तर त्याला बोलता येतं. वीसही जणांचं चुकलं म्हणजे बाटलीतच घोळ आहे, एवढं ओळखायला सरांना वेळ लागला नाही.

"पाणी न्हाई सर," मी मागच्या टेबलावरून हात वर केला. "धुवण वतलंय. सगळ्यांचं."

"काय ओतलंय?"

मग सांगावं लागलं. ब्युरेट म्हणजे ती तोटीची उभी काचेची नळी. प्रयोगाआधी ती द्रावणाने विसळून घ्यायची आणि विसळलेलं टाकून द्यायचं, अशी रीत. पोरं ते मोरीत ओतायला निघाली आणि माझा जीव खालीवर झाला. मी मधल्या टेबलावर एक मोठा बीकर ठेवला आणि म्हटलं, यात ओता. वीस जणांचं जमा झालं, ते मी गुपचूप मूळ बाटलीत परत केलं. नळ्यांत राहिलेलं पाणीही त्याच्याबरोबर बाटलीत गेलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सगळा वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. सर तेवढे हसले नाहीत.

"सपकाळ, इथं मोरी कशाला बांधलीय हो?"

"तेच मला कळंना झालंय, सर. आमच्यात मोरी नसती."

आमच्यात म्हणजे गलाईवाल्यांत. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत. एस.वाय.ची परीक्षा दिली आणि वडील गेले, तेव्हा रावसाहेब मामांनी मला मदुराईच्या त्यांच्या दुकानात नेलं. अकरा वर्षं मी भट्टीपुढे उभा होतो. गलाईच्या दुकानात काही म्हणजे काही वाया जात नाही. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं. घाम पुसलेलं फडकं जाळून त्याची राख ठेवायची. संध्याकाळी दुकान झाडलं की केर डब्यात भरायचा, आणि वर्षाकाठी तो सगळा केर गाळला की तळाशी सोन्याची गुंजभर गोळी चमकायची. ज्याच्या हाताला अशी सवय लागली, त्याला मोरी म्हणजे दरोडाच वाटणार.

मी एकतिसाव्या वर्षी कॉलेजात परत आलो, त्याचं कारण सांगायला हवं. मी सोनं हातात घेऊन, कसोटीला एकदा घासून त्याचा कस सांगायचो, आणि तो सहसा चुकत नसे. पण पुढे गिऱ्हाइकं कागद मागायला लागली. तपासणीच्या कागदावर सही कोण करणार? डिग्रीवाला. मी गाळायचं, मी तपासायचं, आणि कालपरवा पास झालेल्या पोराने खाली सही करायची. सहा महिने ते सोसलं, मग एक दिवस मामांना म्हटलं, मला माझी डिग्री पुरी करायची आहे.

मामा खूप चिडले. शेवटी म्हणाले, "एक वर्ष देतो, धना. एकच. नापास झालास तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं, आणि पुन्हा पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई."

विद्यापीठाचीही अट तीच निघाली. माझे जुने दोन वर्षांचे गुण फक्त त्या एका वर्षापुरते धरले जाणार होते. यंदा टी.वाय. सुटलं तर सुटलं, नाहीतर सगळंच पाण्यात.

आणि सुरुवात ही अशी झाली. त्या दिवसापासून पोरं मला 'धुवणकाका' म्हणायला लागली. एकतिसाव्या वर्षी काका! विमलला, माझ्या बायकोला, हे सांगितलं तर ती उलट म्हणाली, "मग? मागनं टक्कल किती पडलंय ते कुठं दिसतंय तुम्हाला?"

पहिल्या चाचणीत मला चाळीसपैकी अकरा मिळाले. खोटं कशाला सांगू, पेपर हातात घेऊन मी सायकल स्टँडमागे जाऊन रडलो. हात माझे तयार होते, पण पुस्तक उघडून बसलो की दहाव्या मिनिटाला मान कलायची. जे वाचलं ते दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. आपण धंदा सोडून, बायकोला घेऊन, स्वतःचं हसं करून घ्यायला इथं आलो असं वाटायला लागलं.

तिथं मला शोधत आली प्रणोती लेंगरे. माझ्याच टेबलावर प्रयोग करायची. वय वीस, आणि जिभेला हाड नाही.

"काका, रडून झालं असंल तर एक इचारू?"

"इचार."

"तुम्ही वाचता कसं?"

"बसून. आणि कसं वाचत्यात?"

"अकरा वर्षं तुम्ही बसून काम केलंय का उभं राहून?"

इतकी साधी गोष्ट, पण एवढ्या दिवसांत मला सुचली नव्हती. माझं अंग बसलं की दिवस संपला असं समजत होतं. घरी गेल्यावर मी ट्रंकेवर ट्रंक चढवली, वर पुस्तक ठेवलं आणि भट्टीपुढे उभा राहतो तसा कंबरेवर हात ठेवून वाचायला लागलो. पहाटे पाच ते सात, रोज. आठवडाभर पोटऱ्या दुखल्या, पण डुलकी आली नाही. शेजारच्या काकूंनी विमलला विचारलंसुद्धा, "तुझ्या मालकाला बसायचा तरास हाय का गं काय?"

वाचन सुरू झालं तरी डोक्यात राहत नव्हतं. त्यावरचा इलाज मात्र माझा मलाच सापडला. एके दिवशी चार वाजता तास संपले, पोरं वह्या मिटून पळाली, आणि मी सवयीने बाकाखाली बघायला लागलो, काही सांडलंय का. मग वाटलं, अरे, दिवसभरात माझं काय काय सांडलं ते कुठं बघतोय मी? तिथंच बसून वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि त्या दिवशी जे जे कळलं नव्हतं ते एकेका चिठ्ठीवर एकेक लिहिलं. तेवीस चिठ्ठ्या झाल्या. चांगली तासाभराची झाडलोट झाली म्हणायची.

त्या दिवसापासून कॉलेजातून निघायच्या आधी दहा मिनिटं झाडलोट ठरलेली. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या आणि रविवारी सकाळी डबा उपडा करायचा. प्रणोती आणि तिच्या दोन मैत्रिणी घरी यायच्या, विमल त्यांना पोहे करायची, आणि आम्ही एकेक चिठ्ठी सोडवायचो. सुटलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहायचं. मग आठवडाभर भाकरी थापता थापता विमल चिठ्ठी वाचायची आणि मी उत्तर द्यायचो. तिला त्यातलं काही कळत नसे, पण पाठीवर लिहिलेलं आणि मी बोललेलं यांत एका शब्दाचा फरक पडला तरी ती चिठ्ठी परत डब्यात टाकायची. सातवी शिकलेल्या माझ्या बायकोइतकी कडक परीक्षक मला विद्यापीठानेही दिली नाही.

दिवाळीत डबा भरून वाहत होता. संक्रांतीला तो अर्ध्यावर आला. दुसऱ्या चाचणीत चाळीसपैकी सत्तावीस मिळाले, तेव्हा कुंभोजकर सरांनी पेपर देताना चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सपकाळ, हे कुणाचं धुवण आहे?" वर्ग हसला, मीही हसलो. मार्च-एप्रिलमध्ये लेखी पेपर झाले आणि ते मला बरे गेले. राहिली प्रॅक्टिकलची परीक्षा. त्यात वेगळं पास व्हावं लागायचं, नाहीतर लेखीचे गुण असून नसल्यासारखे.

परीक्षेला बाहेरून श्रोत्री मॅडम आल्या होत्या. पांढरी साडी, बारीक आवाज, आणि हातात बंद पाकीट. प्रत्येकाला दिलेल्या द्रावणात बेरियम किती आहे, ते त्या पाकिटात लिहिलेलं. आम्ही ते शोधून काढायचं. साडेनऊ ते साडेचार, सात तासांचं काम. द्रावण तापवायचं, त्यात गंधकाचं आम्ल थेंब थेंब सोडायचं, बेरियमचा पांढरा साका तयार होतो तो तासभर गरम पाण्यावर मुरू द्यायचा. मग गाळणकागदातून गाळायचा, धुवायचा, कागदासकट मुशीत, म्हणजे आगीत टिकणाऱ्या छोट्या वाटीत, जाळायचा आणि जो पांढरा चुरा उरतो त्याचं वजन घ्यायचं.

मूस बघितली आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

पण घोळ व्हायचा तो झालाच. गॅस कमी पडला. वीस बर्नर एकदम लावल्यावर एकेकाच्या वाट्याला करंगळीएवढी ज्योत. पाणी तापेना, आणि साका नीट मुरल्याशिवाय त्याचे कण मोठे होत नाहीत. मॅडम घड्याळ बघत होत्या, पोरं घाईला आली होती. एक वाजता सगळ्यांनी गाळायला घेतलं, मीही घेतलं. कागदावर पांढरा थर बसला, खाली बीकरात पाणी जमत गेलं.

दोन वाजेपर्यंत बहुतेकांचं गाळून झालं. एकेक जण खालचं पाणी मोरीत ओतून, कागद वाळवायला ठेवत होता. प्रत्येक वेळी मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला की माझ्या अंगावर काटा यायचा. सरांनी वर्षभर शिकवून मला ब्युरेटचं धुवण टाकायची सवय लावली होती, आणि ती मला लागलीही होती. पण काम पुरं होऊन वजन लिहून होईपर्यंत गाळणीखालचं पाणी ओतायला माझा हात अजून धजत नव्हता. मी ते काळ्या टेबलावर तसंच ठेवलं.

सव्वादोनला सहज लक्ष गेलं. बीकराच्या तळाशी पांढरट साय धरली होती.

बारीक राहिलेले कण कागदातून खाली निसटले होते. माझेच नाही, सगळ्यांचेच निसटले असणार, कारण गॅस सगळ्यांचाच कमी होता. फरक एवढाच होता की बाकीच्यांचं मोरीतून गावाबाहेरच्या ओढ्याला लागलं होतं.

सर शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बीकर बघितला, घड्याळ बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "सपकाळ, वेळ नाही. कागदावर आहे ते जाळा, वजन लिहा. थोडे गुण जातील, पण पास व्हाल. अर्धवट राहिलं तर शून्य मिळेल, आणि तुमचं तर शेवटचं वर्ष आहे."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. सगळं घर डोळ्यांपुढून गेलं. ट्रंक, डबा, भाकरी थापणारी विमल, मदुराईची गाडी. पण वजन लिहून त्याखाली सही मला करायची होती. हे वजन कमी आहे हे माहीत असताना सही करायची, तर मग एवढा खटाटोप कशाला केला? तशी सही करणारी माणसं मदुराईत पुष्कळ होती.

"बघतो सर," मी म्हणालो, आणि गाळलेलं सगळं पाणी पुन्हा बर्नरवर चढवलं.

देव म्हणा, नाहीतर नशीब म्हणा, तोवर बहुतेकांनी आपापले बर्नर बंद केले होते. माझी ज्योत एकदम फोफावली. पाणी खळखळलं. मी त्यावरून नजर काढली नाही. शेजारी हालचाल झाली म्हणून बघितलं तर प्रणोतीनेही तिचा बीकर बर्नरवर ठेवला होता! तिनेही पाणी ओतलं नव्हतं. वर्षभर माझ्याबरोबर राहून पोरगी बिघडली होती. आम्ही एक शब्द बोललो नाही. याला कॉपी म्हणायचं का, ते विद्यापीठाने ठरवावं.

तीन वाजता साका दाणेदार होऊन तळाशी बसला. तोच कागद, तीच गाळणी, पुन्हा सगळं पाणी वरून सोडलं. या वेळी खाली पडलं ते निव्वळ पाणी. काचेला चिकटलेला कण न् कण रबर लावलेल्या कांडीने खरवडून घेतला. पावणेचारला कागद मुशीत गेला. इथून पुढे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कागद भडकू न देता कसा जाळायचा, मूस लाल कधी म्हणायची, चिमट्याने कशी उचलायची, हे माझ्या हातांना झोपेतही जमलं असतं. मॅडम येऊन पलीकडे उभ्या राहिल्या होत्या, ते मला नंतर कळलं.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी मूस गार झाली. वजन घेतलं, हिशेब मांडला, आकडा लिहिला, खाली सही केली. घंटा झाली तेव्हा माझा पेन टेबलावर होता.

मॅडमनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि पाकीट फोडलं. एकेक कागद बघत त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. कुणाचं वीस टक्क्यांनी कमी, कुणाचं तीस. चौघांनी कुणाकडून तरी ऐकून गेल्या वर्षीचा आकडा तंतोतंत लिहिला होता. त्यांच्याकडे त्यांनी नुसतं बघितलं, तेवढ्याने चौघं भिंतीला चिकटले. मग माझा कागद हातात आला.

"धनाजी सपकाळ कोण?"

"मी."

"तुम्हाला शून्य पूर्णांक एक पाच शून्य शून्य ग्रॅम दिलं होतं. तुम्ही एक चार नऊ सहा लिहिलंय."

"चुकलं का, मॅडम?"

"चुकलं?" त्या सरांकडे वळल्या. "सर, अठरा वर्षं मी परीक्षा घेतेय. विद्यार्थ्याच्या हातून इतकं जवळचं उत्तर मला आठवत नाही." मग पुन्हा माझ्याकडे, "आधी काय करत होता?"

मी सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे तुम्हाला येतच होतं. मग वर्षभर इथं काय शिकलात?"

तोंडी परीक्षेत असला प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. तो कुठल्याच चिठ्ठीवर नव्हता. मी म्हणालो, "आधी मी सगळंच जपून ठेवायचो, मॅडम. का ठेवायचं ते म्हाईत नव्हतं. आता काय टाकायचं आणि काय ठेवायचं, ते कारणासकट सांगता येतं."

मॅडमनी माझ्यासमोर कागदावर गुण लिहिले आणि तो कागद मला दिसेल असा मुद्दाम टेबलावर ठेवला. चाळीसपैकी अडतीस होते. मग त्यांनी प्रणोतीचा कागद उचलला, आणि त्याच्यावर छत्तीस पडले. कुंभोजकर सर माझ्यापाशी आले, माझा हात हातात घेतला आणि भाजलेले, तेजाबाने पिवळे पडलेले माझे पंजे उलटेसुलटे करून बघितले. "मी एम.एस्सी. आहे हो, पण हे हात माझे नाहीत," एवढंच म्हणाले. मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं.

निकाल जूनमध्ये लागला आणि त्यात मी चांगल्या सेकंड क्लासात पास झालो. आज माझ्या स्वतःच्या तपासणी केंद्राला नऊ वर्षं झाली. पण माझ्या लेखी निकाल लागला तो त्याच संध्याकाळी, कॉलेजच्या फाटकाबाहेर. विमलला फोन केला, ती हसली आणि मग रडली. त्यानंतर मी मदुराईला फोन लावला. मागे भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता.

"झाली का परीक्षा?" मामा म्हणाले. "गाडीचं तिकीट काढू का?"

"मामा, पाव ग्रॅमच्या आतला माल दिलता. गाळला, धुतला, जाळला."

गाळताना माल किती कमी भरला त्याला आमच्यात घट म्हणतात, आणि गलाईवाल्याची सगळी अब्रू त्या एका आकड्यावर असते.

"घट किती आली?" मामांनी विचारलं.

"अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत."

पलीकडचा पंखा बंद झाल्यासारखा वाटला. मामांनी तो बंद करायला लावला होता.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"पस्तीस वर्षं झाली मला भट्टीपुढं," मामा सावकाश म्हणाले. "एवढी कमी घट माझ्या हातनं कधी आली न्हाई, धना. तू आता हिकडं येऊ नगंस. आमचा माल तपासायला आम्हीच तुझ्याकडं येतो."